काटा पुन्हा वर चढतोय? खान्देशच्या उन्हात जुनी एसयूव्ही गरम होण्याची कारणं आणि खर्च

तक्रार ठरलेली असते. सेकंडहँड घेतलेली सात-आठ वर्षांची स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, एक्सयूव्ही ५०० नाहीतर डस्टर. थंडीत काही त्रास नाही. मार्च सरला की टेंपरेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागतो. गॅरेजमध्ये आधी पाणी भरून मिळतं, मग रेडिएटरचं बुच बदलतात, मग थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकतात, मग रेडिएटर, मग वॉटर पंप. आठवडाभर गाडी बरी चालते आणि पुन्हा कन्नड घाटात बोनेट उघडून उभं राहायची वेळ येते. शेवटी ‘हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवावं लागेल’ असं कानावर येतं, आणि तोवर ते खरंही झालेलं असतं.

यातल्या बऱ्याच गाड्यांत मूळ दोष हजार-दोन हजारांत निघण्यासारखा असतो. तो न शोधता अंदाजाने पार्ट बदलत गेलं की बिल चाळीस हजारांवर जातं. म्हणून इथे स्वस्त तपासण्या आधी आणि महाग कामं शेवटी ठेवली आहेत. दर जळगाव, धुळे, भुसावळकडच्या बाहेरच्या गॅरेजांचे, ढोबळ आहेत. मॉडेलप्रमाणे कमी-जास्त होतील. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दीडपट तरी धरा.

जानेवारीत का नाही आणि मेमध्येच का

रेडिएटरची ताकद आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६५ चा. मेमध्ये भुसावळला हवा ४५ वर गेली की तोच फरक ५० वर येतो, म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला. तो हवेला आधीच तापवून मागे सोडतो. नव्या गाडीत एवढी शिल्लक ताकद ठेवलेली असते. जुन्या गाडीत रेडिएटर तीस टक्के बुजलेला असला तरी थंडीत कळत नाही, उन्हाळ्यात लगेच कळतं. ‘मागच्या महिन्यात तर ठीक होती’ याला त्यामुळे काही अर्थ नसतो. दोष जुनाच असतो, उन्हाने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

काटा कधी चढतो, ते आधी बघा

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी ही एक गोष्ट नीट पाहिली तर अर्धं निदान घरीच होतं.

गाडी उभी असताना किंवा हळू चालताना तापते आणि ऐंशीच्या वेगाला थंड होते: हवा कमी पडतेय. फॅन, फॅन क्लच, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर, किंवा कंडेन्सर-रेडिएटरमध्ये अडकलेला कचरा. लग्नसराईतली वरात ही याची सगळ्यात कडक परीक्षा: दुपारचं ऊन, इंजिन आयडलवर, एसी फुल, बँडच्या मागे पावलापावलाने गाडी, आणि समोरच्या जाळीवर झेंडूच्या माळांचा पडदा. त्या माळा आधी काढा. जाळीवर बांधलेली नावाची पाटी, किड्यांसाठी लावलेली बारीक जाळी, जादाचे फॉग लॅम्प यांचंही तेच.

शहरात ठीक, पण हायवेला शंभरवर तासभर चालवली की तापते: हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत, वॉल अर्धाच उघडतोय, पंपाचा पंखा झिजलाय, किंवा रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) ओढीने चपटा होतोय.

फक्त घाटात, भरलेल्या गाडीत तापते: वरचं काहीही थोड्या प्रमाणात, नाहीतर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जायला सुरुवात. चाळीसगावहून कन्नडकडे चढताना किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनाचे फेरे जास्त आणि हवा कमी, म्हणून तिथे पहिल्यांदा कळतं.

काटा झटक्याने वर आणि तेवढ्याच झटक्याने खाली: पाण्यात हवा अडकलीय, सेन्सर गेलाय, किंवा अर्थची वायर सैल आहे. पाणी एवढ्या झटपट तापत-निवत नाही. सेन्सर ५०० ते १,२०० रुपयांत येतो. हेडला हात लावायची गरज नाही.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. ७५ काय आणि १०० काय, जागा तीच. हलला म्हणजे वेळ बरीच पुढे गेलेली असते. कॉमन रेल डिझेलमध्ये ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) असेल तर ब्लूटूथचं डाँगल हजारभर रुपयांत मिळतं आणि मोबाईलवर खरा आकडा दिसतो. ८५ ते ९८ नेहमीचं, घाटात १०५ पर्यंत चालेल, ११० दिसलं की बाजूला घ्या. डाँगल नसेल तर एसीवर लक्ष ठेवा. दुपारी चढावर एसी आपोआप गरम हवा देऊ लागला आणि सपाटीला पुन्हा गार झाला, तर बऱ्याच गाड्यांत तापमान वाढल्यामुळे कॉम्प्युटरने कॉम्प्रेसर बंद केलेला असतो. लोक मात्र अशा वेळी एसीत गॅस भरून येतात.

कापसाचा थर: आपल्याकडचा खास आजार

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जामनेर, पाचोरा, धरणगाव, चोपडा या रस्त्यांवर कापसाच्या उघड्या ट्रॉल्या जिनिंगकडे धावतात. त्यातून उडणारा तूस समोरून जाळीत शिरतो, कंडेन्सरच्या पापुद्र्यांमधून पार होतो आणि रेडिएटरच्या तोंडावर बसतो. त्यावर मार्चमध्ये गहू-हरभऱ्याचं भूस, काळ्या मातीची धूळ. कुठून ऑइलचा बारीक फवारा येत असेल तर सगळं मिळून नमद्यासारखी घट्ट चटई तयार होते. समोरून बॅटरी मारली तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. चटई त्याच्या मागे, दोन बोटांच्या फटीत असते. सर्व्हिसिंगला ‘रेडिएटर धुतला’ असं बिलावर येतं तेव्हा प्रेशरचं पाणी पुढून मारलेलं असतं. त्याने तूस आणखी आत ठासला जातो आणि पापुद्रे आडवे होतात ते वेगळंच.

करायचं असं: समोरची जाळी काढा, गरज पडली तर बंपरही. रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडले की बहुतेक गाड्यांत तो थोडा इंजिनाकडे झुकतो. एसीचे पाइप सोडायचे नाहीत, नाहीतर गॅसचा खर्च वाढेल. फटीत हात घालून थर उचलता येतो, कधी कधी अख्खा तुकडा निघतो. मग हवेचा पाइप इंजिनाच्या बाजूने, वीतभर अंतरावरून, कमी प्रेशरने मारायचा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. तेलकट असेल तर साबणाचं पाणी अर्धा तास मुरवून नळाच्या साध्या धारेने धुवा. मजुरी ६०० ते १,२०० रुपये. दरवर्षी होळीनंतर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत हे काम उरकावं. आखाजीला माहेरवाशिणींना आणायला-पोचवायला गाडी सात माणसं आणि टपावर सामान घेऊन भर उन्हात निघते, तेव्हा अडकण्यापेक्षा हे परवडतं.

तापण्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत यापासूनच सुरुवात करावी. नवा रेडिएटर टाकल्यावर गाडी बरी झाली असं जे लोक सांगतात, त्यातल्या अनेकांची चटई जुन्या रेडिएटरबरोबर गेलेली असते.

फॅन

बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी यांत फॅन इंजिनच फिरवतं, मधे व्हिस्कस क्लच असतो. क्लचमध्ये सिलिकॉन तेल भरलेलं, तोंडावर दोन धातूंची गुंडाळी. रेडिएटरमधून गरम हवा आली की गुंडाळी वाकते, आतलं दार उघडतं, तेल फिरून क्लच धरतो. लाखभर किलोमीटरनंतर तेल झिरपतं आणि पकड ढिली होते. फॅन फिरताना दिसतो म्हणून तो ठीक आहे असं समजतात, पण हळू फिरणारा फॅन हवा ओढत नाही.

तपासणी अशी. इंजिन थंड आणि बंद, चावी काढलेली. पातं हाताने फिरवा. थोडा अडून एखाद्या फेरीत थांबला पाहिजे. गरागरा फिरत राहिला तर क्लच गेला. पातं पुढे-मागे हलवून खडखड येते का बघा. क्लचच्या तोंडावर काळे तेलकट ओघळ म्हणजे तेल बाहेर आलंय. मग गाडी चालवून तापवा, बंद करा, पुन्हा फिरवून बघा. आता स्पष्ट जड लागला पाहिजे. चालू इंजिनात कागदाची गुंडाळी किंवा काठी अडकवून फॅन थांबवून दाखवणारे मिस्त्री भेटतात, तो खेळ करू नका. क्लच ३,५०० ते ८,००० रुपये, मजुरी ५०० ते ८००.

नवा क्लच टाकूनही फॅन धरत नसेल तर एक न दिसणारं कारण असतं. रेडिएटरच्या मधल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असल्या तर मधून येणारी हवा गरमच नसते. गुंडाळीला गाडी थंड वाटते आणि क्लच सुटाच राहतो. दोष रेडिएटरचा, आळ क्लचवर.

एक्सयूव्ही ५००, डस्टर यांसारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत इलेक्ट्रिक फॅन असतो. इंजिन चालू करून एसी लावा, फॅन लगेच हळू वेगाने लागला पाहिजे. हळू लागत नाही पण खूप तापल्यावर एकदम जोरात लागतो, तर कमी वेगाचा रेझिस्टर जळालाय: ५०० ते १,५०० रुपये. मुळीच लागत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरला थेट करंट देऊन पाहा. वायरिंग उंदराने कुरतडलेलं असणं हे शेतात-खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत काही नवल नाही.

फॅनभोवतीचं कव्हर, ज्याला श्राउड म्हणतात, ते बेल्ट किंवा पंपाच्या कामानंतर ‘परत बसवायला अवघड’ म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जातं. ते नसेल तर फॅन समोरून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो. जुन्या गाडीत ते आहे का आणि फुटलेलं नाही ना, हे बघायला पैसे पडत नाहीत.

बोअरचं पाणी

आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते गिझरच्या कॉइलवर आणि कुकरच्या तळाशी दिसतं. तेच पाणी वर्षानुवर्षं इंजिनात फिरलं की सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमधल्या वाटांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, तोच पांढरा थर बसतो. थर उष्णता अडवतो. शिवाय साध्या पाण्यात गंज थांबवणारी द्रव्यं नसतात, म्हणून लोखंडी ब्लॉकचा गंज सुटून लालसर गाळ होतो आणि पंपाचा पंखा खायला लागतो. प्रवासी वाहतुकीत राहिलेली गाडी घेतली असेल तर बुच उघडून बोट घाला. चहासारखं तांबडं पाणी असेल तर पुढचा खर्च तिथेच ठरला.

त्याहून वाईट म्हणजे गळती थांबवायला रेडिएटरमध्ये टाकलेली हळद. गळणारं भोक बुजतं हे खरं, पण हळदीला भोक कोणतं आणि नळी कोणती ते कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या लीक थांबवणाऱ्या पुड्यांचं तेच. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं एकदा चालेल. नंतर पूर्ण फ्लश करावाच लागतो.

रेडिएटर आतून किती बुजलाय ते न खोलताही कळतं. हजार-बाराशे रुपयांत मिळणारी इन्फ्रारेड तापमानाची गन घ्या. गाडी पूर्ण तापलेली असताना रेडिएटरवर आडव्या-उभ्या रेषेत दहा-बारा ठिकाणी मोजा. पाणी जिथून येतं तिथून बाहेर पडतं तिथपर्यंत आकडा हळूहळू उतरला पाहिजे. मधेच एखादा पट्टा पंधरा-वीस अंशांनी गार लागला तर तिथे पाणी फिरत नाही.

फ्लश करताना:

१. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. बुच काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, खालचा होज सोडून पाणी टबात घ्या. जुनं कूलंट गटारीत किंवा अंगणात सोडू नका. त्याची चव गोड असते, गुरं-कुत्री चाटतात आणि मरतात.

२. साधं पाणी भरून इंजिन वॉल उघडेपर्यंत चालवा, थंड करा, काढा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा.

३. क्षार जास्त असेल तर तयार रेडिएटर फ्लश बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. कॉस्टिक सोडा मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो. खूप जुन्या रेडिएटरमध्ये क्षारानेच गळती धरून ठेवलेली असते. फ्लशनंतर ठिबकायला लागला तर दोष फ्लशचा नाही.

४. शेवटचं धुणं डिस्टिल्ड किंवा डीएम पाण्याने.

५. आता मापाची गंमत. समजा गाडीत दहा लिटर बसतं. सगळं काढलं असं वाटतं तेव्हाही तीन-चार लिटर ब्लॉकमध्ये उरलेलं असतं. वरून तयार मिक्स कूलंट भरलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. निम्म्याचं प्रमाण असेल तर पाच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग डिस्टिल्ड पाण्याने पातळी पूर्ण करा. क्षमता आणि प्रमाण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेच पाळा.

६. हवा काढा. गाडीचं तोंड चढावर, बुच उघडं, हीटर चालू, आयडलवर पंधरा-वीस मिनिटं, मधेमधे होज दाबत. ब्लीड स्क्रू असेल तर तो बुडबुडे थांबेपर्यंत उघडा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी पुन्हा बघून भरा.

कूलंट जास्त टाकलं म्हणजे गाडी जास्त थंड राहते असं नाही. निव्वळ कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंगावरून जात ओळखू नका. हिरवं-लाल एकत्र केलं तर काही जोड्यांची साय धरते. आधीचं कोणतं ते माहीत नसेल तर सगळं काढूनच नवं भरा. कॉन्सन्ट्रेट लिटरला २५० ते ४५०, फ्लशसकट सगळं काम अडीच ते चार हजारांत. रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफसफाई) करायचं तर १,००० ते १,८००, पण ते तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरलाच. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर खोलून पुन्हा दाबून बसवला की फार टिकत नाही. तो बदललेला बरा: ५,००० ते १२,०००.

‘वॉल काढी टाक भो’

थर्मोस्टॅट वॉल काढून टाकणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय, आणि तो चुकीचा आहे. वॉल साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करतो, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरकडे जावं. वॉल काढला तर बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर न बघताच इंजिनात परत येतो. शहरात गाडी थंड वाटते आणि हायवेला आधीपेक्षा जास्त तापते. डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याला पहाटेचं तापमान एक आकडी असतं तेव्हा, इंजिन नीट तापतच नाही. डिझेल जास्त जळतं, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेत) काजळी साठते.

वॉल खराब आहे का, हे पातेल्यात कळतं. दोऱ्याने लटकवून पाण्यात सोडा, थर्मामीटर ठेवा, गॅसवर तापवा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला हवा आणि उकळीपर्यंत सात-आठ मिलीमीटर तरी सरकायला हवा. बसवताना बारीक भोकाची किंवा हलत्या पिनेची बाजू वर, नाहीतर हवा अडकते. ६०० ते १,८०० रुपये. सेकंडहँड गाडीत वॉल जागेवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय बाकी निदानाला बसू नका.

बुच, होज, पंप

बुच दीड-दोनशे रुपयांचं, पण त्याच्या साधारण एक बारच्या दाबामुळेच पाणी १०० ला न उकळता १२० पर्यंत तग धरतं. रबर चिरलं की दाब जातो, पाणी कूलंटच्या बाटलीतून बाहेर फेकलं जातं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चिपाडासारखा चपटा दिसला तर बुचातला, पाणी परत आत घेणारा उलटा वॉल अडकलाय. बदलताना तोच आकडा असलेलं घ्या, जास्त दाबाचं नको, नाहीतर जुना होज फाटेल.

खालचा होज दाबून बघा. आतली स्प्रिंग गंजून तुटली असेल तर जास्त फेऱ्यांवर पंपाच्या ओढीने तो मिटतो. ४०० ते १,०००.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ दिसला की पंप संपला. १,८०० ते ४,५००, मजुरी वेगळी. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून बेल्टचं किट बदलताना पंप त्याच वेळी बदला. दोनदा उघडायची मजुरी कशाला?

आणखी एक, इंजिनाबाहेरचं. ब्रेक कॅलिपरची पिन जाम झाली की चाक कायम धरलेलं राहतं, इंजिनाला जादा ओढावं लागतं, आणि घाटात गाडी तापते. ब्रेक फार न लावता दहा किलोमीटर चालवा आणि त्याच गनने चारही चाकं मोजा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीस अंशांनी गरम असेल तर कॅलिपर सर्व्हिस करा: ५०० ते ८०० रुपये एका चाकाला.

पाणी कमी होतं, पण गळती दिसत नाही

इथे घाई करू नका, कारण पुढची पायरी महाग आहे. आधी प्रेशर टेस्ट. बुचाच्या जागी हातपंप लावून बुचावर लिहिलेला दाब द्या, पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर थेंब नाही, तर ड्रायव्हर-शेजारची चटई ओली आहे का बघा. गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

मग ईजीआर कूलर. बऱ्याच कॉमन रेल डिझेलमध्ये धूर थंड करायला हा कूलर असतो. तो आतून फुटला की पाणी थेट धुरात जातं: सकाळी पांढरा धूर, पाणी रोज कमी, ऑइल मात्र स्वच्छ. लक्षणं हेडसारखीच, त्यामुळे कूलरपायी हेड उघडलं जातं. ईजीआरचा पाइप सोडून आत बघा. काजळीऐवजी ओलसर किंवा धुतल्यासारखी जागा दिसली तर तोच. ६,००० ते १५,०००.

बाटलीत तपकिरी साय दिसली तरी लगेच हेड धरू नका. ऑइल कूलर फुटला तरी तेल पाण्यात जातं, कारण चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो.

हेड गॅस्केटची खूण वेगळी. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि बाटलीत सतत बुडबुडे येतात. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट: बाटलीतली हवा त्यातून ओढली की जळका वायू असल्यास निळा रंग पिवळट किंवा हिरवट होतो. ही टेस्ट केल्याशिवाय हेड उतरवायला परवानगी देऊ नका.

हेड उतरलंच तर मजुरी, गॅस्केट किट, नवे बोल्ट, फेसिंग (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं), ऑइल-कूलंट धरून १८,००० ते ४०,०००. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः विचारा. पट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पात्यांनी) हेड वाकलंय का ते मोजलं का? मशीन शॉपला प्रेशर टेस्ट केली का? नसेल तर भेगाळलेलं हेड फेस मारून परत बसतं. गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो ते मोजून घेतली का? डिझेलमध्ये एकाच इंजिनाला वेगवेगळ्या जाडीचे गॅस्केट असतात, कडेच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखायचे. आणि अंशात कसायचे (ठरलेल्या कोनात फिरवून घट्ट करायचे) बोल्ट नवे टाकले का? ते ताणले जातात, पुन्हा वापरले तर महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार येते.

रस्त्यात काटा लाल झाला तर

एसी बंद, हीटर फुल गरमवर, काचा खाली. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ नसेल आणि पाणी असेल तर लगेच इंजिन बंद करू नका, हलक्या रेसवर दोन-तीन मिनिटं राहू द्या, म्हणजे पाणी फिरत राहील. वाफ येत असेल किंवा पाणी संपलं असेल तर तत्क्षणी बंद. बुचाला पाऊण तास हात लावायचा नाही. इंजिनावर, टर्बोवर पाण्याच्या बाटल्या ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढंच पुरतं. निवल्यावर इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं भरा. बाटलीबंद पाणी बोअरपेक्षा बरं.

दुरुस्तीनंतर

बाटलीवर थंड इंजिनाच्या पातळीची मार्करने रेघ मारा आणि आठ दिवस सकाळी, चावी लावण्यापूर्वी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत बोटभर उतरणं म्हणजे आत राहिलेली हवा निघाली, तेवढं भरा. त्यानंतरही उतरत असेल तर गाडी त्याच गॅरेजला परत न्या आणि आधी प्रेशर टेस्ट मागा. अंशात कसलेले हेडचे बोल्ट ‘पुन्हा एकदा टाइट करून देतो’ असं म्हणाले तर नको म्हणा.